'बाओन'ला मराठीत काय म्हणावं? डबा की शिदोरी?

सुकटप्रेमी:
मंडळी, एक मदत हवीये. दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या फिलिपिनो पोरांवर लेख लिहितेय. जन्म तिकडचाच, टागालोग म्हणजे घरची भाषा समजतं पण बोलायला गेलं की त-त-प-प, खाण्याचे शब्द मात्र अस्सल. त्यातला एक सारखा येतो, बाओन. शाळेत किंवा कामावर घरून बांधून नेतात ते. मी डबा लिहून मोकळी झाले होते, पण मग कळलं की शाळेत जाताना आई हातावर पैसे ठेवते तेही बाओनच! मग शिदोरी करू का?

घाटावरचा:
शिदोरी नको गं बाई. 'विचारांची शिदोरी', 'संस्कारांची शिदोरी' करून भाषणवाल्यांनी त्या शब्दाचा पार चोथा केलाय. डबाच बरा, कारण आपण तरी कुठे भांड्याबद्दल बोलतो, 'आज डबा काय आणलास' म्हणजे आत काय आहे तेच ना. पैशांना सरळ खाऊचे पैसे लिही.

मुक्काम_डेलीसिटी:
डबा ला माझं पण मत. मी राहतो त्या डेली सिटीत, सॅन फ्रान्सिस्कोच्या शेजारी, फिलिपिनो वस्ती इतकी की जॉलिबीने, म्हणजे त्यांच्या फास्टफूडवाल्या कंपनीने, अमेरिकेतलं पहिलं दुकान १९९८ साली इथेच काढलं. ऑफिसात शेजारी बसते तिच्या डब्यात लसूण घातलेला परतलेला भात, गोडसर लाँगनीसा म्हणजे सॉसेज, वर अंडं, आणि कोपऱ्यात आचारा, कच्च्या पपईचं आंबटगोड लोणचं (हो, शब्द आपला अचारच, फिरत फिरत तिकडे पोचलेला). डाव्या हातात काटा धरून त्याने भात उजव्या हातातल्या चमच्यात ढकलायचा, अशी जेवते.
एक सांगू का, लेखात ते 'शाळेत डब्याला नावं ठेवली, पोरगं रडलं, मोठेपणी त्याच डब्याचा अभिमान वाटला' असं सरसकट नको करूस. मी तिला विचारलं होतं तर म्हणाली, वर्गात अर्धे आम्हीच होतो, नाक मुरडणार कोण?

सुकटप्रेमी:
ते पटलं, पण सगळीकडे डेली सिटी नसते ना. २००६ मध्ये कॅनडात, माँट्रियलकडे, सात वर्षांच्या एका मुलाला तू म्हणतोस तसंच काट्या-चमच्याने जेवतो म्हणून शाळेत बोलणी बसायची, प्रकरण मानवी हक्क न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि २०१० मध्ये निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला. चमच्याने जेवण्यावरून! म्हणून बाओनमधलं ते ओझं पण शब्दात यावं असं वाटतं.

घाटावरचा:
ओझं शब्दात कशाला, ते वाक्यात आण. कुठल्याच शब्दाला एवढं वाहायला लावू नये.

म्हापशेकार:
आमच्या गोव्यातून दोन पैसे. त्यांचं दिनुगुआन म्हणजे डुकराच्या रक्तातलं, व्हिनेगर घातलेलं कालवण. तिकडच्या पोरांना ते 'चॉकलेट मीट' म्हणून खाऊ घालतात, खरं मागाहून कळतं. आमच्या सोरपोतेलात, म्हणजे डुकराच्या मटणाच्या कालवणातही, कितीतरी घरी रक्त पडतं, तेव्हा मला यात विचित्र काही वाटेना. पण मुद्दा वेगळाच आहे, आताची पिढी हॉटेल काढते तेव्हा पाटीवर आणि मेनूत मूळ शब्दच ठेवते. शिकागोचं 'कसामा' बघा, अर्थ 'सोबत', कुणी इंग्रजी करत बसलं नाही. २०२२ मध्ये मिशेलिन स्टार मिळाला, फिलिपिनो हॉटेलाला पहिल्यांदाच. बाओनही ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत २०१५ पासून आहे, पासालुबोंग, पुलुतान आणि सिनिगांग (त्यांचं आंबट सार) यांच्यासकट. इंग्रजीला चालतो तर आपल्याला का नको? बाओनच ठेवा, पहिल्यांदा डबा म्हणून सांगून टाका की झालं.

मुक्काम_डेलीसिटी:
पुलुतान म्हणजे दारूबरोबरचं खाणं ना? त्याला तरी भाषांतर हवं. चखणा! इतका तंतोतंत शब्द हाताशी असताना सोडायचा म्हणजे पाप आहे.
आणि बाओनचा उच्चार जपून हां. जोर 'बा'वर दिला तर डबा, 'ओन'वर दिला तर पुरलेला. 'बाओन सा उतांग' म्हणजे कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला. देवनागरीत जोर दाखवायची सोय नाही, तेव्हा लेख मोठ्याने वाचून दाखवू नकोस :)

सुकटप्रेमी:
हाहा. ठरलं, पहिल्यांदा 'बाओन, म्हणजे डबा किंवा डब्याचे पैसे', पुढे नुसतं बाओन. पासालुबोंग म्हणजे गावाहून येताना घरच्यांसाठी आणायचं ते, त्याला खाऊ चालेल, वस्तू असेल तिथे भेट लिहीन. आता शेवटचा, उलाम. भाताबरोबर जे काही खातात ते सगळं उलाम, मासा, मटण, भाजी, सुकी मासळी, नुसतं अंडंसुद्धा. तोंडीलावणं?

घाटावरचा:
तोंडीलावणं म्हणजे लोणचं-चटणी, फार बारीक पडतं. कोरड्यास आमच्याकडे म्हणतात, पण पुण्यामुंबईच्या वाचकाला तळटीप लागेल.

म्हापशेकार:
कालवण म्हटलं तर तळलेली मासळी बाहेर राहते. 'भाताबरोबरचं' असं लिहा, लांब आहे पण खोटं नाही. फक्त भाजी लिहू नका हो. डुकराच्या अडोबोला, म्हणजे व्हिनेगर-सोया सॉसमध्ये शिजवलेल्या मटणाला, भाजी म्हटलेलं कळलं तर तो डेली सिटीवाला ऑफिसात तोंड कसं दाखवणार?