उत्तरेच्या भिंतीवरचं व्हायनल सायडिंग वितळतंय, तिथे तर ऊनच पडत नाही

कॅरीवासी

घर नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला. दुमजली, २००४ चं बांधकाम, चारी बाजूंना व्हायनल सायडिंग (भिंतीवर बाहेरून लावलेल्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या), डबल फोर प्रोफाइल (एका पॅनलवर चार-चार इंचांच्या दोन पट्ट्या), फिकट बदामी रंग. डिसेंबरपासून उत्तरेच्या भिंतीवर सायडिंगच्या पाच ओळी वाकल्या आहेत. आकार झोळीसारखा आहे: मधोमध जमिनीपासून साधारण ७ फुटांवर, आणि डाव्या-उजव्या टोकांना वर चढत गेलेला. दोन ठिकाणी पॅनलचं लॉक (वरची पट्टी खालच्या पट्टीत अडकवणारी कड) सुटून पट्टी बाहेर लोंबते आहे. ग्रिल, ड्रायरचं व्हेंट, असं काहीही त्या बाजूला नाही.

उत्तरेला १२ फुटांवर शेजाऱ्यांचं घर. त्यांनी गेल्या उन्हाळ्यात सगळ्या खिडक्या बदलून लो-ई (उष्णता परतवणारा पातळ लेप असलेल्या) दुहेरी काचेच्या केल्या. त्यांच्या वरच्या मजल्याची खिडकी बरोबर या भागासमोर येते.

१. हे खिडकीमुळेच, की मुळात सायडिंग घट्ट ठोकल्यामुळे?
२. हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या हत्याराने) पट्ट्या सरळ करता येतील का? नसेल तर बदलायच्या कशा?
३. पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं? बदलणारच आहोत तर भिंतीला गडद करडा रंग मारावा असंही घरात चाललंय.

काच-कोन

झोळीचा आकार वाचल्यावर फारशी शंका उरत नाही, पण कारण समजून घ्या, म्हणजे उपाय योग्य जागी होईल.

दुहेरी काचेच्या मधली पोकळी हवाबंद असते. थंडीत आतला वायू आकसतो आणि दोन्ही काचा किंचित आत ओढल्या जातात. बाहेरून बघाल तर बाहेरची काच अंतर्वक्र आरसा झालेली असते. वाक डोळ्यांना दिसत नाही, पण ऊन एकवटायला तेवढा पुरतो. लो-ई लेप उष्णता परतवण्यासाठीच असतो, त्यामुळे साध्या काचेपेक्षा झोत कितीतरी प्रखर. व्हायनल म्हणजे पीव्हीसी. ते साधारण १६० ते १६५ फॅरनहाइटला, म्हणजे ७१ ते ७४ सेल्सिअसला मऊ पडून आकार सोडायला लागतं. असा झोत २०० फॅरनहाइटच्या वर सहज जाऊ शकतो.

आता हिवाळ्यातच का, ते बघा. कॅरीला २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३१ अंशांवर असतो. शेजाऱ्यांच्या दक्षिणमुखी काचेवरून ऊन त्याच कोनात खाली उतरतं, म्हणजे १२ फूट पार करताना साधारण ७ फूट खाली येतं. त्यांची खिडकी १४ फुटांवर असेल तर झोत तुमच्या भिंतीवर ७ फुटांवर पडणार. तुम्ही दिलेला आकडा तोच आहे. २१ जूनला सूर्य ७७ अंशांच्या वर असतो, तेव्हा झोत तुमच्या भिंतीपर्यंत पोचण्याआधीच दोन घरांमधल्या गवतावर पडतो. कृत्रिम गवत असेल तर ते मात्र उन्हाळ्यात वितळतं.

झोत सूर्याच्या उलट चालतो. सकाळी तो भिंतीच्या पश्चिम भागात असतो, दुपारनंतर पूर्वेकडे, आणि मध्यान्हीला सर्वांत खाली. झोळी होते ती अशी.

तरी दोन चाचण्या कराच. निरभ्र, थंड दिवशी सव्वाबाराच्या सुमाराला इन्फ्रारेड थर्मामीटर धरून सायडिंगचं तापमान घ्या, आधी उजळ डागावर आणि मग त्यापासून चार फूट दूर. थर्मामीटर काचेवर धरू नका, तो आकडा निरर्थक येतो. आणि झोतात उभं राहून खिडकीकडे वर बघू नका, डोळ्यांना इजा होईल.

दुसरी चाचणी खिळ्यांची. न वाकलेली एखादी पट्टी दोन्ही तळव्यांनी धरून आडवी सरकवून बघा. थोडी सरकली तर ठोकणी ठीक आहे. जागची हलली नाही तर खिळे घट्ट आहेत. घट्ट ठोकलेल्या सायडिंगवर खिळ्याखिळ्यांच्या मध्ये सारख्या लाटा येतात, कडक उन्हात वाढतात आणि पहाटे बऱ्याच बसतात. वितळलेला भाग पहाटेही तसाच राहतो.

सुतारकाम

हीट गनचा विचार सोडून द्या. पॅनल कारखान्यात साच्यातून निघतं तेव्हाचा आकार एकदा गेला की हाताने परत येत नाही. वरची बाजू सपाट दिसली तरी खालचं लॉक वाकडंच राहतं आणि पहिल्या जोरदार वाऱ्याला पट्टी निघते. बदलायच्याच.

साहित्य: झिप टूल (चपटा हुक असलेलं छोटं हत्यार), सपाट पहार, टिन स्निप्स (पत्रा कापायची कात्री), गॅल्व्हनाइज्ड रूफिंगचे खिळे, सायडिंगखालच्या वेष्टनाची चिकटपट्टी. खिळ्याचं डोकं निदान ५/१६ इंच रुंद हवं आणि खिळा लाकडात सव्वा इंच तरी शिरला पाहिजे. डबल फोरच्या एका ओळीची दर्शनी उंची ८ इंच, पॅनलची लांबी १२ किंवा साडेबारा फूट. पाच ओळींसाठी आठ पॅनल धरा, दोन जास्तीचे घ्या.

काम ४० फॅरनहाइटच्या वर असेल त्याच दिवशी करा. त्याखाली व्हायनल ठिसूळ होतं आणि लॉक उघडतानाच टवका उडतो.

सर्वांत वरच्या खराब पट्टीच्या वरची चांगली पट्टी आधी सोडवायची. झिप टूलचा हुक तिच्या खालच्या कडेमागे घालून खाली ओढा आणि तसाच ओढत आडवा सरकवत न्या. लॉक झिप उघडावी तसं उघडतं. ती पट्टी जरा वर उचलून धरली की खालच्या पट्टीचे खिळे दिसतात. पहारीने खिळे काढा, पट्टी काढा, मग पुढची. काढायचं वरून खाली, बसवायचं खालून वर.

सगळं निघालं की घाई करू नका. मागचं वेष्टन आकसलंय का, भोकं पडलीत का बघा. फाटलं असेल तर नवा तुकडा असा लावा की वरचा थर खालच्यावर येईल, नाहीतर पाणी आत जाईल. वेष्टनामागे फोमच्या शीट असतील तर बोटाने दाबून पाहा. एक्सपीएस फोमही (पॉलिस्टायरिनच्या उष्णतारोधक शीट) साधारण त्याच तापमानाला मऊ पडतो, त्यामुळे सायडिंग वाकलं तिथे तो खचलेला असू शकतो. नुसतं नवं सायडिंग चढवलं तर तिथे खळगा दिसत राहील.

बसवताना चुका होतात त्या खिळ्यांतच. १२ फुटांचं पॅनल १०० फॅरनहाइटच्या फरकात जवळपास अर्धा इंच लांब-आखूड होतं. म्हणून खिळा स्लॉटच्या (पट्टीच्या वरच्या कडेवरच्या लांबट भोकाच्या) मधोमध, सरळ, दर १६ इंचांवर, आणि डोकं व पट्टी यांच्यात १/३२ इंचाची फट. पट्टी खिळ्यावर लटकली पाहिजे, आवळली नाही पाहिजे. कोपऱ्याच्या पोस्टमध्ये आणि जे-चॅनलमध्ये (खिडकी-दाराभोवतीच्या खाचेच्या पट्टीत) टोकाला पाव इंच मोकळं सोडा. ४० च्या खाली बसवायची वेळ आलीच तर ३/८ इंच. दोन पॅनलची एकमेकांवर चढण साधारण १ इंच, आणि सांधे लागोपाठच्या ओळींत एकावर एक आणू नका.

शेवटच्या पट्टीला खिळे मारून झाले की वर उचलून धरलेली चांगली पट्टी झिप टूलने खाली ओढत तिच्यावर लॉक करा. तळहाताने दाबत गेलात की टक् टक् आवाज येतो. आवाज आला नाही तिथे लॉक बसलेलं नाही.

रंगाचं एक. वीस वर्षं उन्हात राहिलेल्या बदामीशेजारी नवा बदामी उठून दिसेल. घराच्या मागे, झुडपांआड किंवा शेडमागे तेच प्रोफाइल असेल, तर तिथले जुने पॅनल काढून इकडे लावा आणि नवे तिकडे.

कॅरीवासी

दोघांचेही आभार. मोजलं. हवा ३८ फॅरनहाइट, आकाश स्वच्छ, १२:१५ ला डागाचं तापमान १९६, चार फुटांवर ४१. पट्टी दोन्ही बाजूंना सरकते, म्हणजे खिळे ठीक. शेजारी समजूतदार आहेत, खिडकीला काही लावायला तयार आहेत. फिल्म लावावी की जाळी? मध्ये झाड लावलं तर?

सावलीवाला

जाळी. आणि पॅनल बदलण्याआधी जाळी, नाहीतर नवे पॅनलही याच हिवाळ्यात जातील.

डबल-हंग (वर-खाली सरकणाऱ्या दोन काचांच्या) खिडकीला बहुतेक वेळा अर्धीच जाळी असते, फक्त खालच्या सरकत्या काचेवर. वरची काच उघडी राहते आणि झोत तिथूनच येतो. शेजाऱ्यांना बाहेरून बसणारी पूर्ण उंचीची जाळी करून घ्यायला सांगा. साधी कीटकजाळीही झोत विस्कटते. १९६ असेल तर मी सोलर स्क्रीनचं (ऊन अडवणाऱ्या दाट जाळीचं) कापड घेईन, ८० टक्के ऊन अडवणारं. ९० टक्केवालं खोलीत फार अंधार करतं आणि शेजारी ते महिनाभरात काढून ठेवतील.

जाळी लावल्यावर पुन्हा तशाच दिवशी, त्याच वेळी मोजा. १३० च्या खाली आलं तर निर्धास्त व्हा. शेजारच्या खिडकीचा झोतही त्याच जागी येऊन मिसळत नाही ना, तेही बघा. दोन झोत एकावर एक आले की एक बंद करून भागत नाही.

फिल्म सरसकट नको. आतून लावली तर बाहेरचं परावर्तन तसंच राहतं. बाहेरून मॅट फिल्म चालते, पण काचेत उष्णता जास्त मुरते आणि हवाबंद कडा सुटून मध्ये धुकं धरू शकतं. काही कंपन्यांची खिडकीची वॉरंटी फिल्म लावल्यावर रद्द होते. शेजाऱ्यांच्या नव्या खिडक्या आहेत, त्यांनी आधी लेखी विचारावं.

झाडाबद्दल: नुकसान होतंय हिवाळ्यात. पानगळीचं झाड तेव्हा उघडं असतं, त्याचा उपयोग शून्य. सदाहरित हवं, होलीसारखं (काटेरी पानांचं झाड), आणि ते ८-१० फूट व्हायला काही वर्षं जातील. दोन घरांच्या मधून पावसाच्या पाण्याचा उतार जात असेल तर तिथे काही लावण्याआधी एचओएला (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेला) विचारा. जाळीलाही बहुतेक ठिकाणी एचओएची मंजुरी लागते. अर्जासोबत तापमानाचे फोटो जोडा.

रंग-पोत

गडद करड्या रंगाचा बेत कृपया रद्द करा. सायडिंग मूळ रंगापेक्षा गडद रंगवलं की थेट उन्हातच ते जास्त तापतं, म्हणजे आज शाबूत असलेल्या दक्षिण-पश्चिम भिंतीही वाकायला लागतील. रंगवायचंच असेल तर व्हायनलसाठी बनवलेला रंग घ्या आणि छटा मूळ रंगाइतकी किंवा फिकट ठेवा. रंगाच्या कार्डावर एलआरव्हीचा (रंग किती प्रकाश परतवतो त्याचा) आकडा असतो, तो ५५ च्या वरचा निवडा.

गडद छटांसाठी जास्त उष्णता सोसणारं व्हायनल मिळतं, पण ते थेट उन्हाचा विचार करून बनवलेलं असतं. १९६ च्या झोतापुढे त्याच्यावर भरवसा नको. ती एक भिंत फायबर सिमेंटची केली तर वितळण्याचा प्रश्नच मिटतो, पण वजन जास्त, खिळे थेट स्टडमध्ये (भिंतीतल्या उभ्या लाकडी खांबांमध्ये), आणि कापताना सिलिकाची धूळ उडते, तिच्यासाठी चांगला मास्क हवा. जाळीने काम भागत असेल तर एवढा खर्च करू नये असं मला वाटतं.

वॉरंटीचा कागद काढून बघा. परावर्तित उष्णतेने आलेली विकृती बऱ्याच सायडिंग उत्पादकांनी स्पष्ट वगळलेली असते. घराच्या विम्यात मिळेल की नाही हे पॉलिसीवर ठरतं, म्हणून पट्ट्या काढण्याआधी फोटो, तापमान आणि तारखा नोंदवून ठेवा. आणि ग्रिल सध्या त्या बाजूला नसलं तरी कुठल्याच भिंतीच्या १० फुटांच्या आत ठेवू नका.

कॅरीवासी

खिडकी डबल-हंगच आहे. शेजाऱ्यांनी ऑक्टोबरात अर्ध्या जाळ्याही काढून गॅरेजमध्ये ठेवल्या होत्या, आत उजेड यावा म्हणून. पूर्ण जाळी येईपर्यंत त्याच लावल्या तर?

सावलीवाला

आजच लावा. खालची काच तरी झाकली जाईल. वरच्या काचेवर तोवर बाहेरून शेडक्लॉथचा (सावलीसाठीच्या जाळीदार कापडाचा) तुकडा चौकटीला क्लिपने अडकवा, काचेला चिकटवू नका. फेब्रुवारी संपेपर्यंत सूर्य चढतो आणि झोत १२ फुटांत ११-१२ फूट खाली येऊ लागतो, म्हणजे तुमच्या भिंतीच्या अगदी खालच्या दोन-तीन ओळींवर. त्या ओळी अजून चांगल्या आहेत, तेवढ्या वाचवा.