सीमाभागात समतेचे साहित्य वाचताना मराठीपणाचे काय करायचे?

प्रश्न : खानापूर तालुक्यातील (जि. बेळगाव, कर्नाटक) एक शिक्षिका

नमस्कार. आमच्या गावात मराठी शाळेच्या एका वर्गात सायंकाळी वाचनमंडळ भरते. नववी-दहावीची मुले, कॉलेजला जाणाऱ्या काही मुली आणि थोडी वयस्क मंडळी येतात. यंदा आम्ही दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) हे दलित आत्मकथन वाचून पूर्ण केले आणि नंतर शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) हे तसलेच आत्मकथन हाती घेतले. पहिल्या पुस्तकाला कोणी हरकत घेतली नाही. ते बहुधा ‘तिकडचे’ वाटले असावे. दुसरे मात्र अंगावर आले. आई महार, बाप लिंगायत पाटील आणि आजीच्या सोबतीने राहून या पोराला माया लावणारा माणूस मुसलमान, अशा घरातला मुलगा ‘मी नेमका कोण?’ असे विचारतो, तेव्हा ‘तू मराठी’ एवढे उत्तर त्याला पुरत नाही. त्यातून हन्नूर हे गाव अक्कलकोट तालुक्यातले, मराठी-कानडीची सरमिसळ असलेल्या भागातले, त्यामुळे आमच्या मुलांना ते परके वाटलेच नाही.

त्या दिवशी वाचन संपल्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की बाई, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपण कानडी राज्यात गेलो तेव्हापासून आपण मराठी म्हणून एक राहिलो म्हणूनच टिकलो, आता गावात जातीचे विषय काढलेत तर ही एकजूट फुटेल. त्यांचा हेतू वाईट नाही; सीमालढ्यात त्यांनी लाठ्या खाल्लेल्या आहेत. पण याच गावात आजही स्मशाने दोन आहेत आणि मंडळातील दोन मुली एका स्मशानाकडच्या, बाकीची मुले दुसऱ्या. त्या दोघी त्या दिवसापासून मागच्या बाकावर बसू लागल्या आहेत.

भाषेच्या बाबतीत समान वागणूक मागणाऱ्या आम्ही लोकांनी हे साहित्य कसे वाचावे, आणि मुलांना कानडी चांगले वाचता येते तर त्यासोबत कानडीतील काय घ्यावे, याविषयी जाणकारांनी लिहावे ही विनंती.

उत्तर : निपाणीतील एक वाचक

बाई, ही एकजूट कोणाच्या गप्प बसण्यावर उभी आहे, एवढेच त्या ज्येष्ठांना नम्रपणे विचारावे. १९२५ साली आमच्या निपाणीत बहिष्कृत वर्गाची परिषद भरली आणि तिला डॉ. आंबेडकर आले होते. तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यात होता आणि आजच्या राज्यांच्या सीमा आखल्या जायला तीस वर्षे अवकाश होता. पाणवठ्याचा आणि देवळाचा प्रश्न मात्र होताच. तेव्हा जातीचा विषय काढल्याने एकजूट फुटते हे म्हणणे मला पटत नाही. तो विषय आधीपासून गावात आहे, फक्त सभेत नाही.

आपल्या भागात इंदिरा संत आणि जी. ए. कुलकर्णी यांची नावे अभिमानाने घेतली जातात, आणि ती घ्यावीतच. पण महादेव मोरे यांचे नाव घेताना आपला आवाज जरा खाली का येतो, याचा विचार मंडळाने करावा. गॅरेजमध्ये काम केलेला, टॅक्सी चालवलेला आणि पुढे निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहिणारा हा माणूस २०२४ साली गेला. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया, ड्रायव्हर, मेकॅनिक, देवाला सोडलेल्या मुली ही त्यांची माणसे. वखारीत दिवसभर उकिडवे बसून तंबाखू निवडणारी बाई तोंडाला पदर गच्च बांधते, तरी पूड नाकात जायची ती जातेच, आणि शेजारी बसलेली बाई मराठी बोलते की कानडी याने त्या खोकल्यात फरक पडत नाही. मोऱ्यांच्या पात्रांची भाषाही तशीच, अर्ध्या वाक्यात कानडी शब्द घेऊन पुढे जाणारी. शुद्ध मराठीपणाचा आग्रह धरणाऱ्यांना ती खटकते, मला तीच आपली खरी वाटते.

दुसरे पुस्तक राजन गवस यांचे ‘चौंडकं’ (१९८५) घ्यावे. केसांत जट आली म्हणून मुलगी यल्लम्माला सोडली जाते, हा प्रकार आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. सौंदत्तीचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात आहे. देवदासी सोडण्यास बंदी करणारा कर्नाटकाचा कायदा १९८२ चा. ‘उदे गं आई उदे’ म्हणत कोल्हापूरकडून आणि धारवाडकडून येणाऱ्या गाड्या एकाच डोंगरावर जातात, आणि रांडाव पुनवेला बांगड्या फोडून घेणाऱ्या जोगतिणी कोणत्या जातींच्या असतात हेही सर्वांना ठाऊक आहे. पुस्तक वाचल्यावर मुलींना आधी बोलू द्यावे, पुरुषांनी नंतर बोलावे.

उत्तर : शहापूर, बेळगाव

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत नाही. साहित्यानेच आपली ओळख घडवली, तिच्याबद्दल संकोच कशासाठी? १९४६ साली बेळगावला ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली जे साहित्य संमेलन झाले, त्यातच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आणि ३५०-ब आणली, म्हणजे मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त. जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही मिळाव्यात, असेही ठरलेले आहे. कागदावर ठरलेले आणि खिडकीवर मिळालेले यांत किती अंतर आहे, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

कानडीत आलेली नोटीस घेऊन शेजारच्या मुलाकडे धावणारा माणूस कोण असतो, तेही पाहावे. ज्याची शहरात ओळख आहे तो वकिलाकडून काम उरकतो. अडतो तो दहा गुंठेवाला आणि मजूर. म्हणून भाषेचा हक्क हा पाटलाच्या वाड्याचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. समतेच्या चर्चेत तो दुय्यम ठरता कामा नये, एवढेच माझे म्हणणे.

उत्तर : चिकोडी, निवृत्त प्राध्यापक

शहापूरच्या मित्रांचा मुद्दा रास्त आहे, पण तो शेवटपर्यंत न्यावा लागेल. अक्कलकोट आणि जत तालुक्यांत कानडी बोलणारे लोक महाराष्ट्रात अल्पसंख्य आहेत. बेळगावात आपण जे मागतो ते तिथे त्यांना मिळावे असे म्हणायची तयारी असेल तरच ती समतेची मागणी. नसेल तर ती केवळ आपल्या वाट्याची मागणी. ‘अक्करमाशी’ वाचताना मुलांपुढे हा प्रश्न जरूर ठेवावा.

कानडीतील वाचनाची सुरुवात बसवेश्वरांच्या आणि अक्कमहादेवींच्या वचनांपासून, म्हणजे बाराव्या शतकातील शिवशरणांच्या कानडी रचनांपासून करावी. वचने छोटी असतात, नववीचा मुलगा फळ्यावर लिहून सहज वाचून दाखवतो, आणि ती ऐकणाऱ्या कानडी न येणाऱ्या आजोबांना तोच मुलगा मराठीत अर्थ सांगतो. ज्येष्ठांनी लहानांकडून ऐकायचे, हीही छोटीशी उलथापालथच. सोबत चोखोबांचे आणि सोयराबाईंचे अभंग घ्यावेत. कल्याणला (आजच्या कर्नाटकातील बसवकल्याणला) जाण्यापूर्वी बसवण्णा, म्हणजे बसवेश्वर, बिज्जळ राजाच्या चाकरीत मंगळवेढ्यास होते असे परंपरा सांगते, आणि सुमारे पावणेदोनशे वर्षांनी त्याच मंगळवेढ्यात गावकूस बांधताना भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, देवळाच्या बाहेर. कल्याणमध्ये चांभार हरळय्या आणि ब्राह्मण मधुवरस यांच्या मुलांच्या आंतरजातीय विवाहावरून त्या दोघा बापांना देहदंड झाला, ती कथाही मुलांना सांगावी. म्हणजे वचने केवळ सुविचार नव्हते हे कळेल.

आधुनिक काळातले म्हणाल तर अरविंद मालगत्ती यांचे ‘गव्हर्न्मेंट ब्राह्मण’ (१९९४) हे कानडी दलित आत्मकथन घ्या. लेखक विजयपूर जिल्ह्यातील मुद्देबिहाळचे, म्हणजे आपल्याच उत्तर कर्नाटकाचे. ते ‘अक्करमाशी’ला समोरासमोर ठेवून वाचले तर ‘आमच्यात असले नसते’ हे वाक्य दोन्ही भाषांत कोणाला म्हणता येणार नाही. आणि मराठीपण कमी होईल ही भीती ज्यांना वाटते त्यांना द. रा. बेंद्रे यांची आठवण द्यावी. धारवाडच्या या कवीच्या घरी मराठी बोलली जाई, कविता कानडीत झाली, आणि १९७३ चा ज्ञानपीठ त्या कवितेला मिळाला.

शिक्षिका

सर्वांचे आभार. वचने आणि चोखोबांचे अभंग पुढच्या आठवड्यापासून घेते. ‘चौंडकं’ मात्र मुलींच्या आयांनाही बोलावून वाचावे असे वाटते, कारण मुलींपेक्षा त्यांनाच त्यात सांगण्यासारखे अधिक असेल. ज्येष्ठांना मी बेंद्र्यांचे सांगितले, ते म्हणाले, “बेंद्रे मोठे होते, त्यांचे चालले.” स्मशानाचा विषय अजून मी काढलेला नाही.

निपाणीतील वाचक

तो तुम्ही काढू नका, बाई. मागच्या बाकावरच्या मुली काढतील तेव्हा मंडळ चालू असावे, एवढे बघा. आयांना बोलवायचे असेल तर वेळ संध्याकाळी साडेसातनंतरची ठेवा. त्याआधी चुली पेटलेल्या असतात.