पगार कळल्याशिवाय दावा कसा लावणार?
‘समान वेतनाचा कायदा आहे, बाईने कोर्टात जावं’ हे मत मला पटलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या पुरुषाला किती मिळतात हेच तिला ठाऊक नसेल, तर ती कशाच्या जोरावर भांडणार? ‘युनिव्हर्सिटी विमेन ऑफ युरोप’ या संघटनेने २०१६ मध्ये युरोपीय सामाजिक सनदेखाली (सामाजिक आणि आर्थिक हक्कांचा युरोपीय देशांमधला करार) समान वेतनाबाबत १५ देशांविरुद्ध तक्रारी केल्या. २०२० मध्ये या सनदेचं पालन तपासणाऱ्या समितीचे निर्णय जाहीर झाले: स्वीडन वगळता १४ देशांनी सनद कुठे ना कुठे मोडली होती. कायदे तर त्यांच्याकडेही होतेच! समितीने पगारातली पारदर्शकता, तुलनेची सोय, अंमलबजावणी असं सगळं तपासलं. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की यात कुठल्याही बाईला नोकरी पणाला लावून मालकासमोर उभं राहावं लागलं नाही. तक्रार संघटनेची, जाब थेट सरकारला.