‘मिसिंग’, ‘अ‍ॅबसेंट’, ‘लॅकिंग’: नसण्याचे इंग्रजी शब्द प्रामाणिक आहेत का?

कानामात्रा
एखादी गोष्ट नाही, एवढंच सांगणारे शब्द इंग्रजीत थोडे. बाकीचे सगळे ती असायला हवी होती की नको, हेही जाता जाता आपल्या गळ्यात मारतात. ‘अ‍ॅबसेंट’ त्यातल्या त्यात सरळ. ‘मिसिंग’ म्हटलं की जागा ठरलेली होती आणि ती रिकामी आहे. ‘लॅकिंग’ म्हटलं की थेट नापास. अपेक्षा बोलणाऱ्याची, पण ती वस्तूचा दोष म्हणून खपते.

‘-लेस’ आणि ‘-फ्री’ या शेपट्या बघा. मूल नसलेली बाई ‘चाइल्डलेस’ की ‘चाइल्डफ्री’? वस्तुस्थिती एकच, पण पहिल्या शब्दात कीव आणि दुसऱ्यात सुटका. कर्ज फिटलं की माणूस ‘डेटफ्री’ होतो, ‘डेटलेस’ कोणी म्हणत नाही. बातम्या, अहवाल, अर्ज यांत असले शब्द नकोत. ‘नाही’ म्हणा आणि थांबा.

खडूस_संपादक
साफ अमान्य. अपेक्षा सांगणं हेच तर या शब्दांचं काम आहे. यादीत बारा नावं आणि खोलीत अकरा माणसं असतील, तर बारावा येणारच नव्हता की यायला हवा होता, हे कळायला नको? नुसतं ‘नाही’च म्हणायचं तर त्या खोलीत जगातली उरलेली सगळी माणसंही नाहीत. त्यांची यादी करणार का?

आणि ‘चाइल्डफ्री’ हा शब्द, ज्यांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही ते स्वतःसाठी वापरतात. त्यांची निवड त्या शब्दात आहे. ती पुसायची आणि वर त्याला प्रामाणिकपणा म्हणायचं?

आकडेमोड
मी आकडेवारीत काम करते, त्यामुळे मत संपादकांच्या बाजूने. समजा, पाच दिवसांचं तापमान नोंदवायचं होतं. चार नोंदी आहेत: 30, 31, 29, 30. पाचवी नाही. तिथे शून्य भरलं तर सरासरी 24, ‘मिसिंग’ धरून ती जागा सोडली तर 30. ‘नाही’ म्हणून थांबलात तर पुढचा माणूस यातलं काय करणार?

तिसरा प्रकारही असतो. पुरुषाच्या अर्जात गर्भारपणाचा रकाना रिकामा असेल तर काहीच हरवलेलं नाही, प्रश्नच लागू नाही. खरं शून्य, हरवलेली नोंद आणि लागू नसलेला प्रश्न, हे तीन एकत्र केले की सगळा तक्ता नासतो. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी 1976 मध्ये यावर जो निबंध लिहिला, त्याचा रोख तर आणखी पुढचा आहे: नोंद का नाही, हे आधी विचारा. जास्त पगारवालेच पगाराचा रकाना कोरा सोडत असतील, तर ते कोरेपण हीच माहिती.

कानामात्रा
‘का नाही’ हे विचारायलाच माझी ना नाही. पण ‘फाइल इज मिसिंग’ या वाक्यात तो प्रश्न कुठे उरतो? फाइल जणू आपल्या पायांनी चालती झाली. कोणी ठेवली, कोणी नेली, कोणी हरवली, सगळे सुटले. (आपलं ‘गहाळ झाली’ही त्याच माळेचं, मान्य.)

पानगळ
कानामात्रांचा मुद्दा युद्धात जास्त टोचतो. बेल्जियममधल्या ईपरच्या मेनिन गेटवर 54,000 हून जास्त सैनिकांची नावं कोरलेली आहेत. हे पहिल्या महायुद्धात मेले, पण त्यांची ओळख पटलेली कबर नाही. सरकारी शब्द ‘मिसिंग’. त्यातले कित्येक जवळपासच्याच दफनभूमींत निनावी दगडांखाली पुरलेले आहेत. म्हणजे देह होता, नावही होतं, दोघांची गाठ तेवढी सुटली होती. 1927 मध्ये उद्घाटनाच्या वेळी फील्ड मार्शल प्लूमर म्हणाले होते, ‘तो बेपत्ता नाही, तो इथे आहे.’ ज्या सैन्याने तो शब्द वापरला, त्याच्याच सेनापतीला तो खोडावासा वाटला.

खडूस_संपादक
पानगळ, उदाहरण जबरदस्त, निष्कर्ष उलटा. पुरावा हाती नसताना ‘मृत’ लिहिणं जास्त खोटं ठरलं असतं. ‘मिसिंग’ म्हणजे प्रकरण बंद झालेलं नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे सात वर्षं जिवंत असल्याची काही खबर नसेल, तर न्यायालय त्या माणसाला मृत जाहीर करू शकतं. तोवर वारसा, घरावरचं कर्ज, लग्न, सगळं लटकलेलं. या मधल्या अवस्थेला नाव नको?

तिरपागडा
मंडळी, ‘कॉन्स्पिक्युअस बाय इट्स अ‍ॅबसेन्स’, म्हणजे नसण्यानेच नजरेत भरणारं, हे राहिलं की! इ.स. 22 मध्ये रोममध्ये जूनियाची अंत्ययात्रा निघाली. ही ज्युलियस सीझरला मारणाऱ्या ब्रूटसची बहीण आणि त्याचा साथीदार कॅशियसची विधवा. थोर घराण्यांच्या पूर्वजांच्या प्रतिमा मिरवल्या, या दोघांच्या मात्र नव्हत्या. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो, दिसत नव्हते म्हणूनच ते सगळ्यांत जास्त झळकले. 1859 मध्ये लॉर्ड जॉन रसेल यांनी ही कल्पना इंग्रजी राजकारणात आणली, आणि आता समारंभाला न आलेल्या कोणत्याही पुढाऱ्याला हे बिरुद मिळतं. ब्रूटसच्या पंक्तीत बसायची पात्रता नसली तरी.

सूक्ष्मदर्शक
लघवीच्या तपासणीत साखरेपुढे ‘अ‍ॅबसेंट’ लिहितात आणि रुग्ण खूश होतो. तिथे ‘मिसिंग’ लिहिलं तर बिचारा साखर शोधायला निघेल. शब्दांतला फरक लोकांना नीट कळतो, कानामात्रा. बंदी कशाला?

कानामात्रा
बंदी नको, एक अट घाला. अहवालात ‘मिसिंग’ लिहिलं की शेजारी दोन गोष्टी लिहायच्या: कोणाच्या ताब्यात होतं आणि शेवटचं कधी दिसलं.

आकडेमोड
आमच्या तक्त्यात कारणाचा असा रकाना असतो. तिथे लोक ‘लागू नाही’ लिहून मोकळे होतात.