अँटीव्हायरस हाय म्हणजे घरचा पीसी सेफ समजायचा का?

गोदाकाठ, नांदेड: घरी विंडोज १० चा जुना पीसी हाय, पोरगी त्याच्यावरच कॉलेजचे फॉर्म भरायली अन् मी बँकेचं बघायलोय, अँटीव्हायरस हाय म्हणून घरचे बिनघोर, पण मला भरोसा वाटंना. काय करावं?

लातूरकर: दादा, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. मे २०१७ चा वॉनाक्राय आठवा, फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, मायक्रोसॉफ्टनं पॅच म्हणजे दुरुस्तीचा अपडेट मार्चमध्येच दिलता, ज्यांनी टाकला नव्हता त्यांच्या फायली लॉक झाल्या. पीसीवर विंडोज ११ चालत असंल तर घ्या, नसंल तर ईएसयूला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वाढीव अपडेटच्या योजनेला नोंदणी करा, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट येतेत.

बीडवाला: अन् दुकानदारानं क्रॅक, म्हणजे चोरीचं विंडोज टाकून दिलंय का ते आधी बघा, त्यात विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडरच बंद करून ठेवतेत बऱ्याचदा.

औंढ्याची ताई: व्हायरसपेक्षा मला फोनचीच जास्त भीती वाटते, केवायसीच्या नावानं गोड बोलून स्क्रीन शेअरचं ॲप टाकायला लावतेत, मग अँटीव्हायरस काय करणार बिचारा? पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतेत.

गोदाकाठ, नांदेड: क्रॅकच निघालं बगा. आधी फोटो अन् मार्कशीटं हार्डडिस्कवर घेतो, मग नवीन टाकतो.

लातूरकर: घेऊन झालं की डिस्क काढून ठेवा, जोडलेली राहिली अन् तसला व्हायरस आला तर तीबी लॉक होती.