ज्या छोंगच्या घरातला सूड : दोष धाकटीचा की घरधन्याचा?

रेवातीर

चिनी वाड्यांतल्या मालिका आपल्याकडेही आवडीने बघितल्या जातात आणि त्यांत दुष्ट बाई कोण हे पहिल्या भागातच कळतं. मला इथे एका खऱ्या घराबद्दल वाद मांडायचा आहे.

तिसऱ्या शतकातलं लोयांग शहर. घरधनी ज्या छोंग (217–282), जिन राजवटीतला बडा सरदार. त्याची पहिली बायको ली वान. तिच्या वडिलांनी, वेई राजवटीची खरी सत्ता हाती असलेल्या सिमा घराण्याविरुद्ध कट केला म्हणून 254 मध्ये त्यांना मारलं आणि या लग्न झालेल्या लेकीला पार लेलांगला, म्हणजे आजच्या उत्तर कोरियाच्या मुलखात हद्दपार केलं. ज्या छोंग सिमांच्या मर्जीतला. त्याने गुओ ह्वाय नावाची दुसरी बायको केली. 257 मध्ये तिला मुलगी झाली, नानफंग. पुढे ती सम्राज्ञी झाली.

266 मध्ये सिमा यान जिन राजवटीचा पहिला सम्राट झाला, माफी जाहीर झाली, ली वान परतली. सम्राटाने ज्या छोंगला खास परवानगी दिली की दोघींना डावी आणि उजवी अशा बरोबरीच्या पत्नी म्हणून ठेव. त्याची म्हातारी आईही म्हणत होती, थोरलीला घरी आण. गुओ ह्वायने बाह्या सरसावून नवऱ्याला सुनावलं की राज्याचे कायदे रचण्यात आणि ही राजवट उभी करण्यात तुझं जे यश आहे त्यात माझा वाटा आहे, ली माझ्या बरोबरीला कशी बसेल? ज्या छोंगने सम्राटाला कळवलं की एवढ्या मानाला मी पात्र नाही. ली वानसाठी शहरात वेगळं घर बांधलं आणि तिथे पाऊल टाकलं नाही.

इतिहासाने यातून काढलेला निष्कर्ष असा की गुओ ह्वाय मत्सरी आणि ज्या छोंग बायकोच्या धाकातला बिचारा. मला हे पटत नाही. 260 मध्ये वेईचा तरुण सम्राट चाव माव सिमांविरुद्ध स्वतः तलवार घेऊन बाहेर पडला तेव्हा त्याला मारण्याची चिथावणी शिपायांना देणारा हाच ज्या छोंग. सम्राटावर हात उचलायला जो कचरला नाही, तो बायकोला घाबरून थोरलीला घरात घेत नव्हता? कटात मेलेल्या माणसाची लेक घरात असणं त्याला राजकारणात परवडत नव्हतं आणि नाही म्हणायचं काम धाकटीने केलं. सूडाचं सगळं पाप तिच्या माथी मारलं गेलं, फायदा त्याचा झाला.

काळा दगड

साफ असहमत. तुम्ही दायांना विसरलात.

गुओ ह्वायला मुलगा होता, लिमिन. ज्या छोंग बाहेरून आला, पोर दाईच्या कडेवर होतं, बापाला बघून हसलं. बापाने जवळ जाऊन त्याला कुरवाळलं. गुओ ह्वायने लांबून पाहिलं, नवऱ्याचं दाईशी काहीतरी आहे असा संशय घेतला आणि दाईला चाबकाने मरेपर्यंत मारवलं. पोर दाईसाठी झुरलं आणि गेलं. दुसरा मुलगा झाला, पुन्हा तेच: बापाने डोक्यावरून हात फिरवला, दाई मेली, मूलही गेलं. हे राजकारण नव्हे. दोन गरीब बायकांचे खून आहेत आणि त्यांची नावंसुद्धा कोणी लिहून ठेवली नाहीत. नवरा कसाही असो, हुकूम तिने दिला.

पानगळ

इथे मूळ साधनांकडे बघायला हवं. काळा दगड सांगताहेत ती दोन दायांची गोष्ट ‘जिनशू’ या जिन राजवटीच्या अधिकृत इतिहासातली आहे. तो ग्रंथ नंतरच्या थांग राजवटीच्या दरबाराने 648 मध्ये पुरा करवून घेतला, घटनेनंतर साडेतीनशेहून जास्त वर्षांनी. त्याच्या दोनेकशे वर्षं आधीच्या ‘शिशुओ शिन्यू’ या किश्श्यांच्या संग्रहात हीच गोष्ट आहे, पण तिथे दाई एकच, मेलेलं मूल एकच, आणि लिमिन ‘जिनशू’तल्यासारखा तीन वर्षांचा नव्हे, वर्षभराचा. म्हणजे एका किश्श्याचे पुढे दोन झाले. शिवाय सम्राज्ञी नानफंगबद्दलही त्याच ‘जिनशू’त लिहिलंय की तिने गरोदर सवतींवर भाला फेकला. जशी आई तशी लेक, असा साचा आहे हा. नानफंगच्या काळात राज्य कोसळायला लागलं आणि नंतरच्या लेखकांना त्याचं मूळ आईच्या घरात सापडायला हवं होतं.

लोयांगजवळ गुओ ह्वायचा मृत्युलेखही सापडलाय. त्यात ती मोठ्या कुळातली सन्मान्य बाई आहे, मत्सराचा शब्द नाही.

काळा दगड

मृत्युलेखात मत्सर कोण लिहितं? तो लेख 296 चा, तेव्हा तिची लेक सम्राज्ञी होती. तुम्ही एका साधनावर शंका घेता, तीच शंका दुसऱ्यावरही घ्या. आणि दोन दाया नसून एक असेल, तरी एक आहेच. दोन्ही ग्रंथ तिला मारणारी म्हणूनच सांगतात.

सोनचाफा

मला मधला प्रसंग महत्त्वाचा वाटतो, तो कोणीच काढला नाही.

271 मध्ये ज्या छोंगला पश्चिमेच्या आघाडीवर पाठवायचं ठरलं. निरोपाची मेजवानी चालू होती, सगळे मोठे अधिकारी बसलेले. ली वानच्या दोघी मुली पडदा सारून थेट पंगतीत आल्या. थोरली तर सम्राटाच्या सख्ख्या भावाची, ची संस्थानाच्या राजपुत्राची पत्नी. दोघींनी कपाळातून रक्त येईपर्यंत जमिनीवर डोकं आपटत बापाला आणि सगळ्यांना विनवलं की आमच्या आईला घरी आणा. राजपुत्राची पत्नी अशी आलेली पाहून पाहुणे दचकून उठले आणि पांगले. ज्या छोंगने काय केलं? माणसं बोलावून लेकींना उचलून बाहेर नेलं. त्या वेळी गुओ ह्वायने त्याचा हात धरलेला नव्हता.

आणि आघाडीवर जाणं टाळायला त्याच्या गोटातल्यांनी उपाय काढला की नानफंगचं लग्न युवराजाशी लावा. सम्राटाला ही सून नको होती. काळी, बुटकी, मत्सरी घराण्यातली, मुलगे कमी होणाऱ्या घरची, असं त्याने बोलून दाखवलं होतं. गुओ ह्वायने सम्राज्ञीच्या भोवतालच्या माणसांना लाच चारली. 272 मध्ये लग्न झालं. त्यानंतर हुकूम निघाला की ली वानसारख्या बायकांना नवऱ्याच्या घरी परत घेता येणार नाही. थोरली लेक त्या संतापाने खचून गेली आणि वारली. हे कारस्थान दोघांचं आहे. नवऱ्याला राजधानीत राहायचं होतं, बायकोला सवत कायमची बाहेर हवी होती, एकाच लग्नात दोन्ही साधलं.

रेवातीर

सोनचाफा, तुमचा मुद्दा मान्य. लाच तिची, हेही खरंच.

काळा दगड, दाईच्या खुनाबद्दल. मी तो नाकारत नाही. पण त्या घराचा मालक कोण होता हे बघा. 268 मध्ये जारी झालेल्या जिनच्या नव्या कायदेसंहितेचं काम ज्याच्या देखरेखीखाली झालं, तो हाच ज्या छोंग. त्याच्याच घरात दाई चाबकाखाली मरते आणि त्याने बायकोला जाब विचारल्याचा एक शब्द नोंदलेला नाही. पोरगा गेला, वारस उरला नाही, एवढंच लिहिलंय.

आणि त्याला दुसरं काही करता आलंच नसतं असं म्हणणाऱ्यांसाठी गुओ ह्वायच्या सख्ख्या चुलत्याची गोष्ट. तो वेई राजवटीचा सेनापती. 251 मध्ये त्याच्या बायकोचा भाऊ बंडात सापडला, बायकोला पकडून न्यायला माणसं आली. पाचही मुलगे बापापुढे कपाळ फुटेपर्यंत रडले. त्याने स्वार पाठवून बायकोला वाटेतून परत आणलं आणि सिमा घराण्याचा तेव्हाचा प्रमुख सिमा यी याला पत्र लिहिलं की आई गेली तर ही पाच पोरं राहणार नाहीत, पोरं गेली तर मीही राहणार नाही. सिमांनी माफ केलं. तोच काळ, तसाच गुन्हा, तीच सिमांची सत्ता. ज्या छोंगच्या लेकींनीही रक्त काढलं होतं.

काळा दगड

हा दाखला जोरदार आहे आणि ज्या छोंग भ्याड होता हे त्याने सिद्ध होतं. पण भ्याड नवरा असला म्हणून बायकोचा चाबूक माफ होत नाही. दोन गुन्हेगार आहेत. एकाला धरायचं म्हणून दुसरीला सोडू नका एवढंच माझं म्हणणं आहे.

पानगळ

शेवटची वर्षंही धरा. ज्या छोंग वारला तेव्हा मुलगा नव्हता. गुओ ह्वायने धाकट्या लेकीचा मुलगा ज्या मी याला लिमिनचा वारस केला. तो दुसऱ्या आडनावाच्या घरातला, म्हणून घरच्या अधिकाऱ्यांनी विरोध केला. तिने ऐकलं नाही, सम्राटाने मान्यता दिली. इथवर ती हट्टी. पण मरताना, 296 मध्ये, याच बाईने सम्राज्ञी लेकीला सांगितलं की तुझ्या सवतीच्या पोटच्या युवराजाला जीव लाव, आणि तुझी धाकटी बहीण व आधीच्या सम्राटाची उपपत्नी चाव त्सान या दोघींचं ऐकू नको, त्या घर बुडवतील. मत्सराचा नमुना म्हणून जिला उभं केलंय, तीच हे सांगते. नानफंगने ऐकलं नाही. 300 मध्ये युवराज मारला गेला, महिनाभरात राजघराण्यातल्याच सिमा लुनने सत्ता घेतली, ज्या मीला कापलं आणि नानफंगला विष पाजलं.

काळा दगड

तो सल्ला मी दया म्हणून वाचत नाही. सवतीच्या मुलाला मारलं तर आपलं घर उरणार नाही, हा हिशेब तिला बरोबर कळला होता. कारस्थानात मुरलेल्या बाईलाच तो कळतो.

सोनचाफा

तिचा हिशेब असेल, पण तो युवराजाला वाचवणारा होता.

ली वानचंही सांगते, कारण या धाग्यात ती मागे पडली. ज्या छोंगच्या दोन्ही बायका गेल्यावर ली वानच्या मुलीला आईला बापाशेजारी पुरायचं होतं. नानफंगने परवानगी दिली नाही, कित्येक वर्षं. नानफंगला पायउतार केल्यावरच ली वानला नवऱ्याच्या कबरीत जागा मिळाली. मेलेल्या सवतीवर सूड चालू ठेवणारी ती लेक होती, आई नव्हे, आणि ज्या छोंगने जिवंतपणी थोरलीला दार उघडलं असतं तर तिला हे करता आलं नसतं.