मदत हवी आहे: माझी पात्रं चित्रात चिकटवल्यासारखी का दिसतात?

नमस्कार मंडळी,

राहायला ठाणे, नोकरी रबाळे. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, इंटरमिजिएटला बी ग्रेड. नंतर पंधरा-सोळा वर्षं पेन्सिल फक्त वाणसामानाच्या यादीपुरती. गेल्या बोनसमधून स्क्रीन नसलेला पेन टॅब्लेट घेतला, लॅपटॉपवर क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर टाकलं (फुकट आहे, हेच खरं कारण) आणि तेव्हापासून रात्री जेवणं झाली की तासभर बसतो.

सध्या एकच चित्र डोक्यात आहे: तलावपाळीवरची दिवाळी पहाट. राम मारुती रोडपासून मासुंदा तलावापर्यंत सकाळी नटूनथटून जी गर्दी लोटते ती. मागे पाणी, कठडा, इमारती. पुढे चार पात्रं: ढोल बांधलेला पोरगा, पैठणी नेसून सेल्फी काढणारी मुलगी, झब्ब्यातले आजोबा आणि त्यांचं बोट धरलेली सहा वर्षांची नात.

मागचं दृश्य बरं जमलंय. पात्रं मात्र दुकानाबाहेर पुठ्ठ्याची माणसं उभी करतात ना, तशी दिसतात. बायको म्हणाली, आजोबा तरंगतायत. मी पायाखाली सावली दिली. आता आजोबा सावलीसकट तरंगतायत.

प्रत्येक पात्र वेगळा फोटो बघून, वेगळ्या लेयरवर काढलंय. एकेकटं बघितलं तर ठीक वाटतं. साडेसात डोक्यांचं प्रमाणही (उंची म्हणजे डोक्याच्या साडेसात पट) मोठ्यांना पाळलंय. पण ढोलवाला खांबासारखा ताठ आहे, चौघांचे चेहरे एकाच साच्यातले आहेत, आणि हात जमत नाहीत म्हणून आजोबांचा मोकळा हात मी गुपचूप पाठीमागे नेलाय. शरीररचनेचा कोर्स लावू का? एका क्लासवाल्याने पंधरा हजार सांगितलेत.

टिपरू
बाकीचं जाणकार सांगतील, मी फक्त ढोलाचं बोलतो. चार वर्षं पथकात वाजवलाय. ढोल कंबरेला बांधला की सगळं वजन पुढे ओढतं. ते तोलायला माणूस कंबर पुढे काढतो, खांदे मागे टाकतो, पाय फाकवतो. माणूस आणि ढोल मिळून एक वजन धरा आणि त्याचा मध्य दोन पावलांवर पाडा. तुम्ही बहुधा नुसत्या उभ्या माणसाचा फोटो बघून ढोल वरून चिकटवलाय.

धागाकर्ता
अगदी तसंच केलंय. लाज वाटली.

कोरा कागद
कोर्स राहू द्या. मागच्या दृश्याचा फोटो कुठून काढला होता?

धागाकर्ता
मित्राच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून. खाली दुकानं आहेत. का हो?

कोरा कागद
सापडलं. मागचं दृश्य गॅलरीतून बघितलेलं आणि माणसं रस्त्यावर समोर उभं राहून बघितलेली. एका चित्रात दोन नजरा. सावली कितीही घाला, ते जुळणार नाही.

क्षितिजरेषा म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी. सपाट जमिनीवर कुठेही पाऊल ठेवा, पावलापासून त्या रेषेपर्यंतचं अंतर म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची. तुमच्या बाबतीत गॅलरी साडेअकरा फुटांवर आणि वर तुमचे डोळे पाच फुटांवर धरू, म्हणजे साडेसोळा फूट. साडेपाच फुटांचा माणूस त्याच्या बरोबर एक तृतीयांश. तो कठड्यापाशी उभा असो की अगदी पुढे, पावलापासून रेषेपर्यंत तीन समान भाग करा, खालच्या भागात तो बसला पाहिजे. नात पावणेचार फुटांची धरली तर त्या पूर्ण अंतराच्या पावापेक्षा जरा कमी. हे एकदा केलंत की कोण किती मोठा हा प्रश्नच उरत नाही.

रेषा शोधायची तर इमारतीच्या एकाच भिंतीवरच्या खिडक्यांच्या आडव्या ओळी वाढवा, जिथे मिळतील तिथून आडवी रेघ मारा. तलावाचा कठडा धरू नका, तो वळतो. रेषा चित्राच्या वर बाहेर गेली तरी घाबरू नका, कॅनव्हास वाढवा आणि काम झालं की कापा. आणि वरून बघतोय म्हटल्यावर डोक्यांचे माथे दिसणार, ढोलाचं वरचं अंग दिसणार. थोडक्यात, पात्रं नव्याने काढावी लागतील.

रुळावरची
तुम्ही ट्रान्स-हार्बर लोकलने जाता ना? मग पंधरा हजार वाचले. छोटी वही ठेवा. ठाण्याला फलाटावर उभ्या माणसाला तीस सेकंद द्यायची, फक्त पाठीचा बाक आणि कुठल्या पायावर भार आहे तेवढं. ऐरोलीपर्यंत निम्मा डबा झोपतो, ती मॉडेलं तर हलतही नाहीत. नाक, कपाळ, हनुवटी यांची अंतरं माणसागणिक किती बदलतात ते तिथे कळतं; चेहरे एकसारखे येतात कारण आपण डोक्यातला एकच चेहरा काढत राहतो. तोंडावर रोखून मात्र बघू नका, मला एकदा एका काकूंनी चांगलंच झापलंय.

हातासाठी: आधी तळव्याचा चौकोनी ठोकळा, त्याला अंगठ्याचा वेगळा त्रिकोण, मग चार बोटं एकत्र मोज्यासारखी. बोटं सुटी करायची ती शेवटी. आजोबांचा लपवलेला हात पुढे आणा. आणि नातीने ज्याचं बोट धरलंय तो हात तर मन लावून काढा, चित्रातली सगळी माया तिथेच आहे.

जुना गडी
एक फालतू वाटणारी गोष्ट तपासा. हात न अडखळता टॅब्लेटवर गोल काढा. पडद्यावर अंडं झालं तर टॅब्लेटच्या आणि पडद्याच्या लांबी-रुंदीचं प्रमाण जुळत नाहीये. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जुळवून घ्या. मी सहा महिने स्वतःच्या हाताला शिव्या दिल्या होत्या. आणि क्रिटात एम दाबून चित्र आरशातल्यासारखं उलटं करून बघत जा.

धागाकर्ता
तीन आठवड्यांनी लिहितोय. अंडंच होत होतं!

रेषा चित्राच्या बरीच वर निघाली. चारही पात्रं पुसली. नव्याने काढताना आधी नुसत्या काळ्या आकृत्या बसवल्या. ढोलवाला काळ्यातसुद्धा ढोलवाला दिसला तेव्हा बरं वाटलं. आजोबांचा हात सहाव्या प्रयत्नात आला, अंगठा अजून भेंडीसारखा आहे. वहीत एकशे दहा झोपलेली माणसं झाली. बायकोने आजोबांना पास केलं.

आता अडलंय पैठणीवाल्या मुलीशी. वरून बघताना तिचा सेल्फीचा हात आपल्याकडे येतो आणि दंडापासून मनगटापर्यंत सगळं आखूड होतं. मी काढला की खांद्यातून थेट पंजा उगवतो. रुळावरची ताई, झोपलेली माणसं इथे कामाची नाहीत. हा हात कसा बघून शिकू?

रुळावरची
वरची कडी धरून उभ्या असलेल्यांच्या अगदी जवळ बसा आणि खालून बघा, उलट्या बाजूने तोच धडा मिळेल. घरी बायकोला फोन घेऊन उभं करा आणि तुम्ही स्टुलावर चढा. दंड आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात ही दोन गोल नळकांडी धरून काढा, जवळचं मोठं आणि मागचं त्याने झाकलेलं. कुठे काय झाकलं जातं तेवढंच बघा, लांबी मोजू नका.

धागाकर्ता
स्टूल काढलंय. बायको विचारतेय, पैठणी नेसू का.